मधे एक जागा सोड

फहाहील. तिसरा मजला, तीन खाटांची खोली,
पहाटेचे पावणेचार.
रात्रपाळी उतरून आलो,
अंगाला उकळलेल्या समुद्राचा वास
(मीठ बाजूला काढून शहराला पाणी पाजणं, हे माझं काम),
बटण दाबलं.
पंखा फिरला, हिरवा दिवा लागला
आणि पडदा काळा.
वरच्या कोपऱ्यात तेवढी एक आडवी रेघ,
लुकलुकती,
दार लोटून कुणी आत गेलंय
आणि कडी लावायची विसरलंय, तशी.

संगणक अशफाक हजवानेचा.
जुम्मा बाजारातून अठरा दिनारांना घासाघीस करून आणलेला.
लिनक्स त्यानेच घातलं.
म्हणाला, याला कफील लागत नाही.
व्हिसा संपला तेव्हा संगणक माझ्याकडे ठेवला,
गादी खाटेवर तशीच.
पैशांचं मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, बघ.

फोन लावला. म्हसळ्यात सव्वासहा.
मागे बर्फ फोडल्याचा आवाज.
"अपडेट केलंस?"
"आपोआप झालं."
"आपोआप काय होत नाय रे. शिफ्ट दाबून चालू कर.
यादी आली? ई दाब. लिनक्सने सुरू होणारी ओळ बघ,
तिच्या शेपटीला जा. आता लिही.
एन नारळाचा.
ओ ओटीचा.
एम म्हसळ्याचा. परत ओ.
डी दाभोळचा.
ई ईदची.
एस सुरमईचा, परत ई,
टी टोपीचा.
एफ दहा."

दाबलं. यावेळी रेघसुद्धा गेली.

"मधे जागा सोडलीस का?"
"कशाच्या मधे?"
"आधीच्या शब्दाच्या आन् याच्या.
चिकटवलंस तर दोघांचं मिळून तो एकच नाव समजतो,
आन् त्या नावाचं तिथं कोणी राहत नाय."

परत शिफ्ट, परत ई,
शेपटीला जाऊन लांब कळ दाबली. एकदाच.
आणि अक्षरं आली,
ट्रकच्या पाटीएवढी, भराभर,
पण प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गायब.
'एरर'चा नुसता 'रर'.
"टीव्ही लावलायस ना मॉनिटर म्हणून? तो कडा खातो.
वाणी मापात खातो तसा. रिमोट घे, चित्राचा आकार बदल."
रिमोट बिजूच्या उशीखाली. त्याला न उठवता काढायला
चार मिनिटं लागली.
तिकडे बर्फ थांबला होता.

कडा परत आल्या. नाव टाकलं, पासवर्ड टाकला,
फायलींची यादी मागितली,
आणि माझं सगळं मराठी
चौकटच्या पत्त्यांसारखं मांडून आलं.
एक अक्षर ओळखीचं नाही.
काना एक चौकट, मात्रा एक चौकट, अनुस्वारालाही तेवढाच मान.
"फाँटात नाय ती अक्षरं," तो म्हणाला,
"फायली शाबूत हायत. घाबरू नको."

मोजत बसलो.
चार चौकटी: पगार.
खालच्या ओळीत सात चौकटी,
मग मोकळी जागा,
मग चार.
त्या ओळीत वाचता आली ती तेवढी जागाच.
अशफाकचं देणं.
त्याला सांगितलं नाही काय मोजतोय ते.

"माझ्या खाटेवर कोण आलाय?"
"कुणी नाही अजून."
"बरं. ड्रायव्हर नव्याने टाक, मग चित्र दिसंल. ठेवतो,
बर्फाचं पाणी होतंय."

ड्रायव्हर उतरायला चाळीस मिनिटं.
बाहेर धुळीने समोरची इमारत पुसून टाकलेली,
एसीच्या जाळीतून बारीक वाळू
रिकाम्या गादीवर येत होती. झटकली.
बिजू कुशीवर वळून काहीतरी मल्याळममध्ये म्हणाला,
बहुतेक रिमोटबद्दल.

एक्सचेंज शुक्रवारी चारनंतर उघडतं.
अठरा दिनार, आणि पाठवणावळ वेगळी.